भात सोडला की गुडघा सुटतो म्हणे!

तिखटमीठ:
परवा इथे 'पोळी-भात सोडा, २१ दिवसांत गुडघेदुखी पळवा' हा लेख आला आणि खाली 'खूप छान माहिती', 'आजपासूनच सुरू' यांची रांग लागली. शेवटचं वाक्य होतं, 'आता गोळ्या कचऱ्यात टाका'. कुठल्या गोळ्या, दुखण्याच्या की साखरेच्या, ते लिहायची तसदी नाही.

माझ्या आईने तो लेख मनावर घेतला. वय ७१, दोन्ही गुडघे झिजलेले, जोडीला जुना मधुमेह. पोळी, भात, बटाटा एका दिवसात बंद. गोळ्या टाकायचा मात्र धीर होईना, म्हणून साखरेची सकाळची गोळी, ग्लिमेपिराइड, नेहमीसारखी चालू. चौथ्या पहाटे साडेतीनला तिने हाक मारली तेव्हा गाऊन घामाने चिंब, जीभ जड. साखर ४८. गिळता येत होतं म्हणून साखरपाण्यावर भागलं. ही गोळी शरीराला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावतेच. तुम्ही जेवलात की काकडी चघळलीत, याच्याशी तिला देणंघेणं नाही. लेखात हे एका ओळीत लिहिता आलं असतं.

आणि 'संशोधनाने सिद्ध' म्हणून ज्याचा हवाला दिला होता, तो २०२०चा अमेरिकेतल्या अलाबामाचा अभ्यास मी शोधून वाचला. माणसं किती? २१. तीही तीन गटांत वाटलेली: कमी कार्ब (म्हणजे भात-पोळी-साखरेतली कर्बोदकं), कमी फॅट आणि नेहमीचं खाणारी. १२ आठवडे. कमी कार्बवाल्यांचं दुखणं घटलं, हे खरं. पण आमच्या सोसायटीच्या भिशीत याहून जास्त बायका आहेत. लेखकाने २१चा आकडा तिथूनच उचलला असावा, माणसांचे दिवस केले एवढंच.

टेकडीवाला:
आईंचं वाचून काटा आला. त्या लेखाची बाजू मी घेत नाहीये. पण त्याच्या रागात तुम्ही पथ्यालाच झोडपताय.

माझं वय ५८. तळजाईची टेकडी चढणं सुटलं होतं, जिना आडवा होऊन उतरायचो. डॉक्टरांना विचारून भात, पोळी, साखर बंद केली. अंडी, मासे, पनीर, पालेभाज्या, शेंगदाणे यांवर राहिलो. तिसऱ्या आठवड्यात दुखणं निम्म्यावर आलं, आणि तोवर वजन जेमतेम दोन किलो उतरलं होतं. म्हणजे नुसता वजनाचा मामला नाही. कार्ब तोडले की यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवतं. त्यातला एक कीटोन दाह पेटवणारी यंत्रणा दाबतो, हे २०१५ साली उंदरांवर दाखवलंय. फिट येणाऱ्यांना तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९२१ मध्येच हा आहार सुचवला होता. तेव्हा फॉरवर्ड नव्हते.

आकडेमोड:
उंदरांना तळजाई चढायची नसते. आणि फिट्सना चालतं म्हणून गुडघ्याला चालेल, हा कुठला न्याय?

माणूस पथ्य कधी सुरू करतो? दुखणं टिपेला असतं तेव्हा. टिपेचं दुखणं पुष्कळदा आपसूक उतरतं, आणि श्रेय त्या आठवड्यात जे केलं असेल त्याला मिळतं. आमच्या सासऱ्यांचे गुडघे आधी तांब्याच्या कड्याने बरे झाले, मग मेथीच्या लाडवांनी, मग कोणाच्या तरी तेलाने. दर वेळी कायमचे.

बाकी तुमचे पहिले दोन किलो बरेचसे पाण्याचे असणार. पण पाणी का असेना, एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो. म्हणजे आठ किलो हलके झालात की. चमत्कार कशाला हवा?

टेकडीवाला:
सासऱ्यांची चेष्टा करा, माझी नको. दुखत मला होतं.

सांजवेळ:
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. रात्री फक्त ज्वारीची भाकरी, त्यामुळे कार्ब पोटात जातच नाहीत.

आकडेमोड:
सांजवेळ ताई, बसून वाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते आहेत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कार्ब, गव्हाच्या पिठात ६४, तांदळात ७८. भाकरी पोळीच्या पुढेच आहे, पण नको त्या बाजूला. अलाबामात सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमची मर्यादा होती. एका भाकरीत आजचा दिवस संपला, वर उद्याची उधारी.

कडकभाकर:
आलात? भाकरीला नावं ठेवल्याशिवाय पोळीवाल्यांना जेवण पचत नाही. माझा आजा ८४व्या वर्षी कोळपं धरायचा. मालदांडीची भाकरी, ठेचा, कांदा. 'गुडघा दुखतो' हे त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. शाळेत माझ्या डब्यात भाकरी निघाली की पोरं नाक मुरडायची. २०२३ला मिलेट म्हणजे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष आलं, भाकरीचं मिलेट झालं, आता तीच पोरं हॉटेलात रांग लावून खातात आणि फोटो टाकतात. आम्ही खाल्ली तेव्हा गरिबी, त्यांनी खाल्ली की आरोग्य. आणि आता म्हणे कार्ब!

आकडेमोड:
मी नाही, तक्ता म्हणतो. आजोबा दिवसभर रानात होते, तुम्ही खुर्चीत.

कडकभाकर:
खुर्चीत आहे हे कुणी सांगितलं? एसटीत कंडक्टर आहे. आठ-आठ तास हेलकावे खात उभा.

आकडेमोड:
मग गुडघे दुखतात की नाही?

कडकभाकर:
दुखतात. ड्युटीनं. भाकरीनं नाही.

सांजवेळ:
पण भाकरी पचायला हलकी असते ना?

आकडेमोड:
हलकी म्हणजे काय, ते कुणीतरी एकदा मोजून दाखवा. मी थकलो.

निळीछत्री:
भाकरी-पोळी राहू द्या. टेकडीवाले, तुमचं ते पनीर परतायला आणि पालेभाज्या निवडायला कोण होतं? आमच्या ह्यांनी खांद्यासाठी हेच कार्ब तोडायचं पथ्य, कीटो, केलं. पाच महिने मी रोज दोन स्वयंपाक रांधले, एक त्यांचा, एक माणसांचा. त्यांचा खांदा सुटला, माझा धरला. त्यावरही संशोधन करा.

टेकडीवाला:
बायकोच करायची. मान्य. (जास्त लिहीत नाही, ती इथे वाचते.)

तिखटमीठ:
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. मी आईसाठी लिहिलं आणि तुम्ही इथे चूल मांडलीत.

डॉक्टरांनी आईची ग्लिमेपिराइड निम्मी केली, मगच खाण्याला हात लावू दिला. रात्रीचा भात बंद, सकाळी एक पोळी, बरोबर उसळ नाहीतर अंडं. शिवाय मांडीचे व्यायाम. तुझी आई डापाग्लिफ्लोझिन ही साखरेची दुसरी गोळी घेत असती तर एकदम कार्ब तोडणं जास्तच धोक्याचं होतं, म्हणाले. साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. ज्यांच्या घरी ती गोळी आहे त्यांनी हे वाचा, भाकरीवर नंतर भांडा.

आणि टेकडीवाले, आई म्हणते गुडघा जरा हलका वाटतोय. लगेच नाचू नका. व्यायामाने असेल.

टेकडीवाला:
नाचण्याइतके सुधारले नाहीत अजून. पण पथ्यानेही असेल म्हणायला काय जातं?

तिखटमीठ:
बरं, दहा टक्के पथ्याने. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही.

कडकभाकर:
त्यात भाकरीचे किती?