जास्त फसवलं कुणी: डॉक्टरांनी की गणिताच्या मास्तरांनी?

माजघर
(दोन्ही कादंबऱ्यांचं रहस्य खाली फोडलं आहे. वाचायच्या असतील तर आधी वाचून या.)

गेल्या महिन्यात दोन रहस्यकादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) आणि केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (मूळ जपानी २००५, मी इंग्रजीतून वाचली). दोन्हींनी मला पुरतं फसवलं. पण पहिलीचा राग अजून गेलेला नाही आणि दुसरीवर जीव जडला आहे.

किंग्ज अ‍ॅबट हे खेडं. तिथले डॉ. शेपर्ड गोष्ट सांगतात. ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो निवृत्त होऊन त्यांच्या शेजारी भोपळे पिकवतोय, त्याचा नेहमीचा साथीदार हेस्टिंग्ज अर्जेंटिनाला गेलाय, म्हणून पॉयरोचा सोबती म्हणून डॉक्टर येतात. त्यांची बहीण कॅरोलाइन घरबसल्या गावाची बित्तंबातमी काढते. मी या घरात रमले. आणि शेवटी खुनी निघाले डॉक्टरच! खुनाच्या रात्री अ‍ॅक्रॉइडच्या घरी आठ चाळीसला पत्र आलं, आठ पन्नासला मी निघालो, असं ते लिहून जातात. मधल्या दहा मिनिटांत काय झालं ते गाळतात. ज्याच्या डोळ्यांनी तीनशे पानं पाहिली, त्यानेच डोळ्यांवर हात ठेवला होता. हा मला विश्वासघात वाटतो.

हिगाशिनो मात्र खून सुरुवातीलाच दाखवतो. यासुको आणि तिची मुलगी तोगाशी या छळवादी माजी नवऱ्याचा गळा आवळतात, शेजारचे गणिताचे शिक्षक इशिगामी मदतीला येतात. काही लपवलेलंच नाही असं वाटतं. शेवटी जे कळतं त्याने पोटात गोळा येतो, पण लेखकाने दगा दिला असं वाटत नाही. इशिगामीचं यासुकोवरचं एकतर्फी, काहीही न मागणारं प्रेम मनातून जात नाही.

दोनओळी
साफ असहमत. शेपर्ड एकही वाक्य खोटं लिहीत नाही. ती दहा मिनिटं तुमच्या डोळ्यांसमोर छापलेली आहेत, तुम्ही पुढे निघून गेलात. दुसऱ्यांदा वाचा. प्रेत सापडल्यावर, जे थोडं करायचं होतं ते केलं, अशा अर्थाचं तो लिहितो. त्याच क्षणी तो डिक्टाफोन, म्हणजे मेलेल्याचा आवाज ऐकवणारं यंत्र, बॅगेत टाकत असतो! हे धाडस वाटत नाही तुम्हाला? रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सनेही तेव्हा ख्रिस्तीची बाजू घेतली होती: सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं काम.

पानगळ
पण रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेसाठी घालून दिलेल्या दहा नियमांत स्पष्ट आहे की गुप्तहेराच्या मित्राने मनातला विचार वाचकापासून लपवू नये. माजघरताईंचं म्हणणं तेच आहे.

दोनओळी
ते नियम १९२९ चे. पुस्तक तीन वर्षं आधीचं.

पानगळ
तारखेने तक्रार खोटी ठरत नाही. निवेदकाशी वाचकाचं नातं नियमांच्या आधीपासूनचं आहे.

फिरतेवाचनालय
मी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथांवर वाढलो. तिथे कोडं सोडवायचं हे डोक्यातच नसायचं, पुढे काय होतं एवढीच ओढ. त्यामुळे ‘लेखकाने फसवलं’ ही तक्रार मला उशिरा समजली. शेपर्डच्या बाबतीत ताईंशी सहमत.

गोदाकाठ
मला दुसऱ्या पुस्तकाबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते मोठी फसवणूक तिथे आहे.

तोगाशी मेला ९ मार्चला. पोलीस चौकशी करतात १० मार्चच्या संध्याकाळची. मायलेकी त्या संध्याकाळी खरोखर सिनेमाला गेलेल्या असतात, म्हणून त्यांची साक्ष कुठेच मोडत नाही. खून १० लाच झाला हे आपण स्वतःच धरून चालतो. मग नदीकाठी चेहरा ठेचलेलं प्रेत सापडलं ते कुणाचं? इशिगामीने १० तारखेला मारलेल्या दुसऱ्याच माणसाचं. बेघर माणूस. कुणी शोधत येणार नाही म्हणून निवडलेला.

ताई, तुम्ही इशिगामीच्या प्रेमावर लिहिलंत. त्या माणसाबद्दल तुमच्या लेखात एक शब्द नाही. मला तुम्हाला टोचायचं नाही, पहिल्या वाचनात मीही हेच केलं. लेखकाने यासुकोच्या दुःखात आपल्याला असं गुंतवलं की निरपराध माणसाचा खून ‘त्याग’ म्हणून आपल्या गळी उतरला. शेपर्डने दहा मिनिटं लपवली. इथे एक अख्खा माणूस.

दोनओळी
हे पटलं. मात्र कोडं म्हणून ही कादंबरी प्रामाणिक आहे, हे मी सोडणार नाही. जपानमध्ये या पुस्तकाला अस्सल कोडेकथा (सगळे दुवे वाचकासमोर ठेवणारी रहस्यकथा) म्हणावं का यावर समीक्षकांत मोठा वाद झाला होता, तरी कोडेकथांचा तिथला पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला. आणि गोदाकाठ, माणूस लपवलेला नाही. पहिल्याच प्रकरणात तो आहे.

गोदाकाठ
आहे. म्हणूनच जास्त लागतं.

माजघर
गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागेना. उठून पहिलं प्रकरण पुन्हा काढलं.

इशिगामी सकाळी नदीकाठाने शाळेकडे चाललाय. निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या, त्यात राहणारे लोक. त्यांत एक नवा आलेला. अजून त्या जगण्याला रुळलेला नाही, मासिक वाचत बसलेला. इशिगामी मनात त्याला ‘इंजिनीयर’ म्हणतो. मी हे पान पहिल्या वेळी वाचलं होतं आणि वातावरणनिर्मिती समजून पुढे गेले होते.

शेपर्डवरचा माझा राग तसाच आहे, तिथे मी हटणार नाही. निवेदकाने माझ्याशी असं वागू नये. पण ‘लेखकाने दगा दिला असं वाटत नाही’ हे दुसऱ्या पुस्तकाबद्दलचं माझं वाक्य मी मागे घेते. इशिगामीसाठी रडले होते तेव्हा हा माणूस मला आठवलाही नव्हता. पुस्तकात त्याला नावही नाही, इंजिनीयर हेही इशिगामीनेच ठेवलेलं.