पंटर बदलला तेव्हा: ख्रिस क्लूवी, व्हायकिंग्ज आणि आपण (अनुभव लिहा)

धागाकर्ती

मिनियापोलिसच्या आपल्या मंडळींत फुटबॉलचा विषय निघाला की गाडी हटकून आपल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या जुन्या पंटरवर, ख्रिस क्लूवीवर येते. गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत यावरून आवाज चढलेले मी ऐकलेत. एका पंटरसाठी लोक इतकी वर्षं भांडतात हे बाहेरच्यांना पटत नाही, म्हणून हा धागा.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार डाऊन मिळतात. तीन वाया गेले की चौथ्याला बहुतेक वेळा पंटर येतो आणि चेंडू लाथेनं उंच, लांब उडवून समोरच्यांना मागे ढकलतो. सामन्यात जेमतेम पाच-सहा वेळा मैदानात येणारा माणूस. क्लूवीनं व्हायकिंग्जसाठी हे काम २००५ ते २०१२ असे आठ हंगाम केलं. एप्रिल २०१३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजातले नवे खेळाडू फेरीफेरीनं निवडतात तो) संघानं पाचव्या फेरीत जेफ लॉक हा पंटर घेतला, तोही क्लूवीच्याच यूसीएलए विद्यापीठाचा. ६ मेला क्लूवीला सोडलं.

त्याच्या आदल्या सप्टेंबरात क्लूवीचं ते पत्र आलं होतं. मेरीलँडचे आमदार एमेट बर्न्स यांनी बाल्टिमोर रेव्हन्सच्या मालकाला लिहिलं होतं की तुमच्या ब्रेंडन अयानबाडेजोला समलिंगी विवाहाच्या बाजूनं बोलण्यापासून आवरा. क्लूवीनं बर्न्सना जाहीर उत्तर दिलं, शिव्यांसकट.

माझं म्हणणं आधीच मांडते. पंटर बदलायचा हक्क संघाला आहे, त्यावर वाद नाही. पण ज्याची जागा सगळ्यात सहज भरता येते तो माणूस बोलतो, तेव्हा त्याच्या बोलण्याचं मोल संघाचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बोलण्यापेक्षा जास्त असतं. बोलताना त्याची नोकरी पणाला लागलेली असते. तुम्ही तेव्हा काय पाहिलंत, काय केलंत ते लिहा. नुसती मतं नकोत.

गोफर_पुणेकर

क्लूवी बोलायला लागला तो २०१२ ला नाही, हे आधी नोंदवतो.

मी तेव्हा यू ऑफ एममध्ये (मिनेसोटा विद्यापीठात) एमएस करत होतो. १२ डिसेंबर २०१० ला व्हायकिंग्जच्या मेट्रोडोम स्टेडियमचं छत बर्फाच्या वजनानं फाटून खाली आलं. त्यामुळे २० डिसेंबरचा शिकागो बेअर्सविरुद्धचा सोमवारचा सामना आमच्या विद्यापीठाच्या उघड्या टीसीएफ स्टेडियमवर आला. बर्फ उपसायला तासाला दहा डॉलरवर माणसं घेत होते. माझा रूममेट गेला होता. परत आला तेव्हा त्याला हातमोजे काढता येईनात, मी बोटं एकेक करून सोडवली. तो म्हणाला, खाली मैदान नाहीये रे, फरशी आहे.

सामन्याआधी क्लूवीनं ट्विटरवर हेच लिहिलं. मैदान काँक्रीटसारखं टणक आहे, डोकं आपटलं तर कन्कशन (मेंदूला मार) होणार. एनएफएल लीगच्या लेखी मैदान खेळण्यालायक होतं. त्या रात्री आमचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्ह याला सॅक केलं, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडलं, डोकं जमिनीवर आपटलं आणि तो उठून बाहेर गेला तो गेलाच. त्याच्या कारकिर्दीतला तो शेवटचा खेळ.

त्याच रात्री क्लूवीचा एक पंट बेअर्सच्या डेव्हिन हेस्टरनं ६४ यार्ड परत पळवून टचडाऊन केला. ४०-१४ नं हरलो. म्हणजे माणूस खरं बोलला आणि त्याच रात्री त्याच्या पंटवर टचडाऊनही बसला. लोक यातली एकच गोष्ट लक्षात ठेवतात, तिथेच सगळा वाद सुरू होतो.

ईडन_प्रेअरी

व्हायकिंग्जचं विंटर पार्क हे सराव केंद्र आमच्या भागातच होतं. मी हिशेबातला माणूस आहे, त्यामुळे आकडे देतो.

क्लूवीला २०१३ साठी १४ लाख ५० हजार डॉलर द्यायचे होते. लॉकचा पहिल्या वर्षाचा पगार ४ लाख ५ हजार. म्हणजे एकाच जागेवर दहा लाखांहून जास्त बचत, तीही सॅलरी कॅपमधली (संघाच्या एकूण पगारावर लीगनं घातलेली मर्यादा). आदल्याच वर्षी याच संघानं रायन लाँगवेल या जुन्याजाणत्या किकरला काढून सहाव्या फेरीतला ब्लेअर वॉल्श आणला होता. वॉल्शनं पहिल्याच हंगामात ५० यार्ड आणि त्यापलीकडचे दहा फील्ड गोल (चेंडू लाथेनं गोलपोस्टमधून घालवणं) मारून लीगचा विक्रम केला. लाँगवेल कुठे राजकारणावर बोलत होता? हा प्रयोग एकदा जमला, जनरल मॅनेजर रिक स्पीलमननी तो पुन्हा केला. मला यात कट दिसत नाही.

कृष्णाकाठ

ईडनदादा, आकडे मान्य. पण त्या वर्षी इथं काय चाललं होतं ते तुम्ही सोडून दिलंत, ते मी लिहितो.

२०१२ च्या नोव्हेंबरात मिनेसोटात मतदान होतं. विवाह फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यात, असं राज्यघटनेतच घालायचं की नाही, हा प्रश्न होता. मी एच-वन व्हिसावर, मला मत नव्हतं. माझ्याबद्दल ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं, घरी तर नाहीच. अपटाऊनमध्ये राहायचो. घरांपुढे दोन्ही बाजूंच्या पाट्या लागलेल्या आणि रोज बस स्टॉपपर्यंत चालताना मी नकळत त्या मोजायचो.

आमच्या टीममध्ये एक जण होता, गावाकडचा, शिकारीला जाणारा, डेस्कवर व्हायकिंग्जचं जांभळं हेल्मेट ठेवणारा. क्लूवीचं पत्र आलं त्या आठवड्यात त्यानं त्याचा प्रिंट काढून ब्रेकरूमच्या कॉर्कबोर्डवर लावला. शिव्या मार्करनं काळ्या केलेल्या, बाकी मजकूर तसाच. मी कॉफी घ्यायला गेलो तर तो आणि अजून दोघं तिथं उभे. त्यातला एक म्हणाला, पंटरनं पंट मारावा. हा म्हणाला, चूक काय लिहिलंय ते दाखव. मी दूध घालायचं निमित्त करून तिथंच रेंगाळलो. ज्या माणसांसमोर मी सोमवारी फक्त स्कोअर बोलायचो, ती माझ्या आयुष्याबद्दल बोलत होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मग व्हायकिंग्जचाच जुना सेंटर मॅट बर्क यानं स्टार ट्रिब्यून या इथल्या पेपरात त्या घटनादुरुस्तीच्या बाजूनं लेख लिहिला. सेंट पॉलचा पोरगा, इथल्या लोकांचा लाडका. क्लूवीनं त्यालाही मुद्द्यागणिक उत्तर दिलं. या वेळी शिवी नव्हती. ऑफिसात बर्कवाले आणि क्लूवीवाले असे दोन गट पडले. एका दुपारी पार्किंगमध्ये मी त्या हेल्मेटवाल्याला सांगून टाकलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, रविवारी सामना बघायला घरी ये. मी गेलो.

६ नोव्हेंबरला ती दुरुस्ती पडली. सहा महिन्यांनी, ६ मेला क्लूवीला काढलं. १४ मेला गव्हर्नर मार्क डेटन यांनी समलिंगी विवाहाच्या कायद्यावर सही केली, तेव्हा मी कॅपिटॉलच्या पायऱ्यांसमोरच्या गर्दीत होतो. मधले आठ दिवस फक्त. त्या गर्दीत क्लूवीची पाच नंबरची जर्सी घातलेले लोक होते. मला आनंद झाला आणि त्या जर्सीकडे बघून पोटात तुटलंही.

डिसेंबरात आपल्या सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत लागू केलं. २०१८ मध्ये ते गेलं, त्यानंतर मी सांगलीला आईला फोन करून सांगितलं. तिला फुटबॉल कळत नाही. पण माझी हिंमत कुठून सुरू झाली असं कुणी विचारलं, तर मी त्या कॉर्कबोर्डचंच नाव घेईन.

लॉकवर माझा कधीच राग नव्हता. बोलावलं, आला.

बाल्टिमोरवाली

आमच्याकडचंही लिहून ठेवते. ज्याच्यासाठी क्लूवी भांडला त्या अयानबाडेजोला रेव्हन्सनी सुपर बोल जिंकल्यावर, एप्रिल २०१३ मध्ये सोडलं. वय ३६, त्यामुळे आमच्याकडे फारसा गदारोळ झाला नाही. पण महिन्याभरात दोघंही बाहेर, हे डोळ्यांत भरलंच. मेरीलँडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा जनमतानं २०१२ लाच पक्का झाला होता.

स्टेट_कॉलेज_माजी

मी वेगळं लिहिणार आहे, राग आला तरी चालेल.

नोव्हेंबर २०११ मध्ये मी पेन स्टेट विद्यापीठात होते. तिथले जुने फुटबॉल कोच सँडस्की यांनी लहान मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा रात्रीच्या मेणबत्त्यांच्या सभेत मी उभी होते. ज्या मुलांवर अत्याचार झाले त्यांच्याबद्दल बोलताना आमच्या विभागातले वयस्क प्राध्यापक रडले. २०१४ मध्ये व्हायकिंग्जच्या चौकशीचा सारांश आला. त्यात असं होतं की क्लूवीनं लॉकर रूममध्ये या प्रकरणावरून थट्टा केली होती, पेन स्टेटहून आलेल्या एका कोचला डिवचायला. त्यानं ते नाकारलं नाही. हे वाचून माझ्या मनातून तो उतरला आणि अजून वर आलेला नाही. एका अन्यायावर इतकं नेमकं लिहिणाऱ्याला दुसऱ्या अन्यायातली मुलं दिसू नयेत?

धागाकर्ती

राग कशाला येईल, ताई. हे इथं यायलाच हवं होतं. बाकीची हकीकतही देते म्हणजे चित्र पुरं होईल.

जानेवारी २०१४ मध्ये क्लूवीनं जाहीर लिहिलं की स्पेशल टीम्सचे (पंटर, किकर वगैरेंच्या तुकडीचे) कोच माइक प्रीफर समलिंगी लोकांबद्दल अतिशय घाणेरडं बोलले आणि आपल्याला मतांमुळे काढलं. संघानं रॉबिन्स कॅप्लन या वकिली फर्मकडून चौकशी करवली. प्रीफरनी सुरुवातीला नाकारलेलं ते वाक्य त्यांनी उच्चारलं होतं, असं निघालं. त्यांनी माफी मागितली, सामन्यांची बंदी झाली. मात्र क्लूवीला खेळाच्या कारणांवरून सोडलं, असाही निष्कर्ष निघाला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि संघानं एलजीबीटी संस्थांना देणग्या देण्याचं कबूल केलं. क्लूवीला त्यातलं काही मिळालं नाही.

खेळाचंच कारण म्हणायचं तर २०१२ मध्ये त्याची सरासरी ४५ यार्ड होती आणि नेट (समोरच्यांनी परत पळवलेलं अंतर वजा करून) ३९.७, कारकिर्दीतलं सर्वोत्तम. हा आकडा माझ्या घशाखाली उतरत नाही.

आकडे_ऐकलेला

क्रिकेटवाला माणूस आहे, फुटबॉल मुलामुळे बघतो. पण ‘परफॉर्मन्स’ हा शब्द मी जवळून पाहिलाय.

एका कंपनीत पंधरा वर्षं होतो. एका प्रोजेक्टमध्ये टेस्टिंग न करता माल पुढे ढकलत होते, ते मी मीटिंगमध्ये बोललो. पुढच्या तिमाहीत माझ्याच टीममध्ये एक नवा मुलगा आला, माझंच काम शिकायला. हुशार होता, मला सर म्हणायचा. मी त्याला सगळं शिकवलं. मग मला बोलावून कागद दिला, त्यावर खर्चकपात लिहिलेलं. त्या मीटिंगचा उल्लेख कुठेच नाही, आणि कधी येणारही नव्हता.

ईडनदादांचे आकडे खरेच आहेत. अडचण हीच आहे की महागड्या, वय झालेल्या माणसाला काढायचं खरं कारण नेहमीच हाताशी तयार असतं. दुसरं कारण होतं की नाही, हे तो माणूस जन्मभर सिद्ध करू शकत नाही. क्लूवीच्या जागी मी असतो तर मीही झोपलो नसतो.

रेडर्सवाला_नागपूरचा

भाऊ, पुढची गोष्ट आमच्याकडे ओकलंडले झाली, ते कोणी सांगतच नाही!

व्हायकिंग्जनं सोडल्यावर क्लूवी रेडर्सकडे आला. समोर होता मार्क्वेट किंग, तरणाबांड पोट्टा. किंग जिंकला, क्लूवी हंगामाआधीच घरी. आणि किंगनं त्या वर्षी ४८.९ ची सरासरी काढली, लीगमध्ये पहिला. त्यात काही वाद नाही, लायक होता.

पण किंग मैदानात नाचायचा. पंट चांगला बसला की नाच, एकदा तर रेफरीचा झेंडा उचलून नाचला अन् पेनल्टी खाल्ली. आम्ही स्टँडमध्ये त्याच्यासाठी उभे राहायचो. पंटरसाठी कोण उभं राहते सांगा? २०१८ ला जॉन ग्रुडन आला अन् मार्चमध्येच किंगला काढलं. मग पाचव्या फेरीत नवा पंटर घेतला, जॉनी टाऊनसेंड. पाचवीच फेरी, बरं का! तो एक हंगाम टिकला. मी त्या वर्षी माझ्या पोरीसोबत बघायला गेलो, ती म्हणाली बाबा, हा नाचत नाही. मी म्हणलं, नाचणाऱ्याले काढलं बेटा.

होल्डर

सगळे पंटबद्दल लिहिताहेत. पंटरचं दुसरं काम कुणी लिहिलं नाही, ते मला महत्त्वाचं वाटतं.

फील्ड गोलच्या वेळी चेंडू धरतो तो बहुतेक संघांत पंटरच. एका गुडघ्यावर बसायचं, सात-आठ यार्डांवरून वेगानं आलेला चेंडू पकडायचा, टोकावर उभा करायचा आणि शिवणीची दोरी गोलपोस्टकडे वळवायची, म्हणजे किकरच्या पायाला ती लागू नये. हे सगळं सव्वा सेकंदाच्या आसपास. वॉल्शनं पहिल्या वर्षी जो विक्रम केला, त्यातला प्रत्येक चेंडू क्लूवीनं धरला होता. कुठल्याही तक्त्यात हे येत नाही.

१० जानेवारी २०१६ ला मी टीसीएफमध्ये सीहॉक्सविरुद्धचा प्लेऑफ बघायला होतो. तापमान उणे २१ सेल्सियस. हातात धरलेल्या बाटलीतलं पाणी पहिल्या क्वार्टरमध्येच गोठलं. वॉल्शनं तीन फील्ड गोल मारून संघाचे सगळे नऊ गुण केले होते. १०-९ नं मागे, २२ सेकंद उरलेले, २७ यार्डांची किक. लॉकनं धरलेल्या चेंडूची दोरी आत, वॉल्शकडे राहिली. किक डावीकडे गेली. माझ्या पुढच्या रांगेतला म्हातारा पहिलं वाक्य काय बोलला, तर “क्लूवी असता तर...”

मला ते वाक्य आवडलं नाही. त्या थंडीत त्या बोटांना काय होत होतं ते क्लूवीलाही सुटलं नसतं. वॉल्शनं स्वतः दोष लॉकवर ढकलला नाही, सगळा आपल्याकडे घेतला. लॉक शांत, कामाशी काम ठेवणारा खेळाडू होता. त्याच्या नशिबी पुन्हा तेच आलं: २०१७ मध्ये पॅट मॅकॅफी निवृत्त झाल्यावर कोल्ट्सनी यालाच आणलं. परत एका बोलक्या पंटरच्या जागी. तिथे त्याला नवोदित रिगोबेर्टो सांचेझनं मागे टाकलं.

कृष्णाकाठ

होल्डरदादा, त्या सामन्याला मीही होतो, त्या हेल्मेटवाल्यासोबतच. “क्लूवी असता तर” हे आमच्या रांगेतही कुणीतरी म्हणालं. आमचा गडी म्हणाला, क्लूवी असता तरी कदाचित हुकलाच असता, पण मी त्याच्या बाजूनं असतो.

ऑरेंज_काउंटी

सध्याचं कळवतो. क्लूवी आमच्या बाजूला हंटिंग्टन बीचला असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रंथालयाच्या फलकावर ‘मागा’ (MAGA, ट्रम्पच्या घोषणेची आद्याक्षरं) ही अक्षरं कोरण्यावरून सिटी कौन्सिलची सभा होती. तो विरोधात बोलला, मग शांतपणे सविनय कायदेभंग करतो म्हणून पुढे गेला आणि पोलिसांनी त्याला उचलून नेलं. त्यानंतर एका हायस्कूलमधलं नवव्या इयत्तेच्या मुलांचं कोचिंगही त्याच्या हातून गेलं. माझ्या शेजाऱ्याचा मुलगा त्याच शाळेत फुटबॉल खेळतो. शेजारी ट्रम्पचा मतदार आहे, क्लूवीचं एकही मत त्याला पटत नाही. तो मला एवढंच म्हणाला की पोरांना पंट शिकवायला आता कुणी उरलं नाही.