लाइट येऊन-जाऊन झाल्यापासून एसी सुरूच होत नाहीये, मेकॅनिक म्हणतो पीसीबी (एसीच्या आतलं सर्किट बोर्ड) उडाली

भुसावळकर_ताई: राम राम मंडळी. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे, तीन उन्हाळे झाले, स्टॅबिलायझर लावलेला आहे. परवा रात्री साडेदहाला लाइट गेली, दहा मिनिटांनी आली, परत गेली, परत आली आणि तेव्हापासून एसी बंद तो बंदच. इनडोअरवर लाइट नाही, टीक आवाज नाही, रिमोटचे सेल नवीन टाकून झाले. स्टॅबिलायझरवरचे आकडेही दिसत नाहीत. बाकी घरातलं सगळं चालू आहे, फॅन, फ्रिज, टीव्ही. काल मेकॅनिक आला, सॉकेटमध्ये टेस्टर घातला, टेस्टर पेटला, म्हणाला सप्लाय ओके आहे, झटक्याने स्टॅबिलायझर पण गेला आणि एसीची पीसीबी पण गेली, दोन्ही मिळून साडेबारा हजार. घरात सासरे आहेत, अर्धांगवायू झालेला आहे, उठता येत नाही, बाहेर ४५ च्या पुढे पारा आहे आणि स्लॅबचं घर, रात्री एक वाजेपर्यंत भिंती गरम असतात. पैसे द्यायला ना नाही पण खरंच दोन्ही एकदम जातात का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

जळगाव_एसी_रिपेर: ताई, थांबा, पैसे देऊ नका अजून. मी बावीस वर्षं हेच काम करतोय. दोन्ही एकदम जाऊ शकतं, न्यूट्रल (करंट परत जायची वायर) तुटून व्होल्टेज वर चढलं तर जातं, पण तसं असतं तर घरातला फ्रिज, टीव्ही, एखादा एलईडी बल्ब काहीतरी अजून गेलं असतं. तुमचं सगळं चालू आहे. म्हणजे गडबड एसीच्या एकट्या लाइनीत असायची शक्यता जास्त. आणि टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय ओके, हे चूक आहे हो. टेस्टर फक्त फेज, म्हणजे करंट येणारी वायर, दाखवतो. न्यूट्रल सुटलेलं असेल तरी टेस्टर मस्त पेटतो आणि मशीन मात्र मेल्यासारखं पडून राहतं. मल्टिमीटर लावून फेज-न्यूट्रल मध्ये किती येतं ते बघायला पाहिजे होतं, २०७ ते २५३ व्होल्टच्या मध्ये काहीही चालेल. आधी डीबीमध्ये (घरातल्या मेन स्विचच्या डब्यात) एसीचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पूर्ण खाली पाडून परत वर करा, कधी कधी तो अर्धवट ट्रिप होतो आणि बघताना चालूच वाटतो. मग सॉकेट नीट बघा, काळं पडलंय का, प्लगची पिन तपकिरी झालीय का. काळं असेल तर काही लावू नका. नसेल तर त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा, बारीक पिनही बसते त्याला. आणि आउटडोअर कुणी उघडू नका, मशीन बंद असलं तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

चोपडा_केळीवाला: भो, मधेच विचारतो, आमच्याकडे इनडोअर हवा मारतं, बाहेरचं सुरूच होत नाही, नुसतं घुं करतं आणि बंद. साधा एसी आहे, इन्व्हर्टर नाही.

जळगाव_एसी_रिपेर: भाऊ, लाइट आल्यावर तीन मिनिटं कंप्रेसर सुरू होतच नाही, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, तेवढं थांबता ना? थांबूनही घुं करून बसत असेल तर बहुतेक कपॅसिटर फुगला. तीस-पस्तीस ते पन्नास मायक्रोफॅरॅडच्या आसपास असतो, जुन्यावर छापलेला आकडाच घ्या, अंदाजे बसवू नका. आणि आधी व्होल्टेज बघा, शेतातल्या मोटारी सुरू असतात तेव्हा १७० ला खाली गेलं तर चांगला कंप्रेसरही असाच घुं करतो.

भुसावळकर_ताई: दादा, केलं सगळं. एमसीबी पाडून वर केला, काही नाही. सॉकेट बाहेरून पांढरं स्वच्छ. इस्त्री लावली तर तिचा लाल दिवा लागला, विझला, लागला, आणि सॉकेटमधून खर्रर्र असा बारीक आवाज आला. मी लगेच काढली. पण तेवढ्यात एक वास आला, सडक्या मासळीसारखा! आमच्याकडे मासळी होतच नाही. आता आठवतंय, हा वास महिनाभर येत होता रात्री, मी फिनाइलने फरशी पुसत होते रोज.

धुळे_वायरमन: ताई मेन एमसीबी पाडा आणि वायरमन बोलवा, आत्ताच. तो वास सॉकेटचं प्लॅस्टिक जळायचा आहे. बाहेरून पांढरं दिसतं, आत राख झालेली असते. दीड टन एसी सात-आठ अँपिअर घेतो, तो पूर्ण करंट न्यूट्रलमधूनही तेवढाच जातो, स्क्रू अर्धा आटा ढिला असला तरी तिथे रोज तापतं. लोक फेज घट्ट करतात आणि न्यूट्रल विसरतात. नवीन सॉकेट १६ अँपिअरचं चांगल्या कंपनीचं घ्या, जळालेली वायर तांबडी चकचकीत लागेपर्यंत कापायला लावा. काळ्या टोकालाच परत स्क्रू मारून गेला तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

भुसावळकर_ताई: झालं! सकाळी आमच्या गल्लीतला वायरमन आला. बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू चॉकलेटी आणि वायरचं टोक हात लावताच गळून पडलं, वीतभर वरपर्यंत कव्हर कडक होऊन भेगाळलं होतं. त्याने मला दाखवलं, प्लग तसाच लावून टेस्टर न्यूट्रलच्या स्क्रूला लावला तर तिथेही पेटला, म्हणजे न्यूट्रल तुटलेलं. नवीन सॉकेट, नवीन प्लग, डीबीपासून ४ एमएमची तांब्याची वायर नवीन ओढली, मजुरी धरून सोळाशे. स्टॅबिलायझर लावला, २२१ दाखवलं, तीन मिनिटं आम्ही सगळे त्या इनडोअरकडे बघत बसलो होतो आणि मग गार वारा आला. पीसीबी ठणठणीत आहे. मुलगी आजोबांचा हात उचलून वाऱ्यात धरत होती. जळगाववाले दादा, धुळ्याचे दादा, तुमचे फार उपकार झाले.

जळगाव_एसी_रिपेर: आनंद झाला ताई. दोन दिवस एसी तास-दोन तास चालल्यावर प्लगला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. आणि घरातले बल्ब मधेच एकदम भगभगीत आणि मधेच मंद व्हायला लागले तर ते सॉकेटचं काम नाही, मीटरकडचं किंवा पोलवरचं न्यूट्रल आहे, मेन पाडून लाइनमनला फोन करा.

भुसावळकर_ताई: हो दादा, आत्ताच हात लावून बघितला, गार आहे.