'संगम' पळवत पाहिलात? मग बोलायचंय

कृष्णधवल: काल एकाने इथे लिहिलं, "सुट्टीत 'संगम' आणि 'गाइड' उरकले. साठचं दशक म्हणजे आजोबांचा गहिवर. बायका शोभेच्या, लांबण भयंकर, अर्धं पळवत पाहिलं." उरकले! अहो, 'गाइड'मधली रोझी नवऱ्याला सोडते, नाच धरते, नाव कमावते. १९६५ साली! तुरुंगात जातो तो राजू, खोटी सही करून. हिला शोभेची म्हणणाऱ्याने नेमकं काय पळवलं ते कळलं.

अर्धवटराव: "एकाने" म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. रोझीचं मान्य. पण राजूचा शेवटचा तो उपास, तो पाऊस? मूळ कादंबरी लिहिणाऱ्या आर. के. नारायण यांनाच चित्रपट पटला नव्हता. आणि 'संगम'वर सोयीस्कर मौन! गोपाल राधाला एका शब्दाने न विचारता मित्रापायी मागे सरतो, शेवटी स्वतःवर गोळी झाडतो, आणि आपण गळे काढायचे ते दोस्तीसाठी. जवळजवळ चार तास.

पाटीपेन्सिल: त्याला दोन मध्यंतरं होती हो. माझ्या आईबाबांनी लग्न ठरल्यावर पाहिलेला पहिला चित्रपट. दुसऱ्या मध्यंतरात आई म्हणाली, "हा गोपाल बावळट आहे." बाबांना नेमका गोपालच आवडलेला. साठ वर्षं झाली, घरात विषय निघाला की अजून भांडी वाजतात. तेव्हाच्या बायकांना कळत नव्हतं असं समजू नका.

सावलीवाला: वाद घालताय, पण प्रत कुठली पाहिलीत? रुंद पडद्यात बसवायला वरखाली कापलेली? 'साहिब बीबी और गुलाम'मधलं 'साकिया' हे गाणं घ्या. उजेड फक्त मीनू मुमताजवर, मागच्या नाचणाऱ्या मुद्दाम अंधारात. नुसत्या हलत्या आकृत्या. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींची कमाल! मला मिळालेल्या प्रतीत कुणा शहाण्याने उजेड वाढवून त्या सगळ्यांची तोंडं दाखवलीत.

अर्धवटराव: विषय काय, चाललंय काय.

झणझणीत: सावलीवाले, हे सोवळं पुरे. २००४ साली 'मुघल-ए-आझम' पूर्ण रंगीत केला म्हणून माझी मुलगी तो बघायला बसली. कृष्णधवलला दोन मिनिटं थांबली नसती.

सावलीवाला: मग तुकोबांच्या अभंगांत इमोजी घाला, पोरं वाचतील! मूळ चित्रपट बहुतांश कृष्णधवल होता म्हणूनच 'जब प्यार किया तो डरना क्या'ला रंग आला की धक्का बसायचा. शीशमहालात एकदम लाल, हिरवं, सोनेरी. आधीपासूनच सगळं रंगवून ठेवल्यावर उरलं काय? आरसे.

झणझणीत: उरली माझी मुलगी, जी पूर्ण बसली. तुमच्या घरातलं कोण बसलं तेवढं सांगा.

कृष्णधवल: वैयक्तिक नको.

झणझणीत: मुलीचा विषय मीच काढला, तुम्ही का लाजताय?

अर्धवटराव: रात्री 'साकिया' लावलं, त्या आकृत्या शोधत. दिसल्या. तीनदा पाहिलं, न पळवता. झालं समाधान? 'संगम' लांबडाच आहे.

पाटीपेन्सिल: आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या अर्धवटरावाला माझा आशीर्वाद सांग." बाबा उठून गच्चीवर गेलेत.