मुंबईसाठी वेगळी लाल यादी हवी की नको?

खाडीकाठ: शिवडी, भांडुप, ऐरोली, खाडीलगत कुठलाही प्रकल्प आला की तेच ऐकायला मिळतं: इथले बहुतेक पक्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'कमी चिंतेचे' आहेत. माझा याला ठाम विरोध आहे. ती यादी प्रजाती जगातून नाहीशी होण्याचा धोका मोजते. मोठा रोहित (फ्लेमिंगो) आफ्रिकेत आहे, स्पेनमध्ये आहे. त्याने ठाणे खाडी कायमची सोडली तरी त्याच्यापुढचा शेरा बदलायचा नाही. चिमणीचंही तेच. 2020च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ती देशभर बऱ्यापैकी स्थिर आहे, महानगरांत मात्र घटते आहे. मुंबईची स्वतःची लाल यादी झालीच पाहिजे.

मुलुंडकर: शेरा चुकीच्या कामाला वापरतात, हे खरं. पण उपाय पटत नाही. आढळक्षेत्र 5,000 चौ.किमी.पेक्षा कमी असेल तर 'संकटग्रस्त' श्रेणीची क्षेत्राची अट पुरी होते. बृहन्मुंबई जेमतेम 600 चौ.किमी. म्हणजे इथला कावळाही त्या अटीत बसला! (सतत घट वगैरे जोडअटी असतात, पण शहरात त्या लागू व्हायला कितीसा वेळ?) बाहेरून भर पडत असेल तर स्थानिक श्रेणी खाली आणावी, असं आययूसीएनचीच प्रादेशिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पक्ष्यांना शहराची हद्द नसते.

आणि जागतिक निकष आंधळे नाहीत. पारशांच्या डुंगरवाडीवर एकेकाळी येणारं पांढऱ्या पाठीचं गिधाड 2000 साली 'अतिसंकटग्रस्त' ठरलं, ते उरलेली संख्या मोजून नव्हे, घसरणीचा वेग पाहून. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा, त्यात 80 टक्के घट.

खाडीकाठ: गिधाडाचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. ती घट उघड झाली राजस्थानातल्या केवलादेव अभयारण्यात, आपल्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) विभू प्रकाश यांच्या मोजणीतून. एका जागी, वर्षांच्या अंतराने, पुन्हा मोजलं म्हणून. डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक हेच कारण, हे सापडायला 2004 उजाडलं, गुरांसाठी त्यावर बंदी यायला 2006. स्थानिक आकडे नसते तर आणखी किती वर्षं गेली असती?

वेसावकर: पक्ष्यांचं चाललंय, पण समुद्राचं काय? आपल्या किनाऱ्यावर दिसणारा कुबडवाला डॉल्फिन जागतिक यादीत 'संकटग्रस्त'च आहे. मोठा शेरा मिळून त्याचं काय भलं झालं? यादी म्हणजे कायदा नव्हे. संरक्षण मिळतं ते 1972च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतून, आणि तिथे नाव असूनही किनाऱ्यावर भराव पडतोच. मला दोन्ही याद्यांपेक्षा अंमलबजावणीची काळजी आहे.

खाडीकाठ: मग श्रेण्या राहू द्या. प्रकल्प अहवालात जागतिक शेऱ्याशेजारी त्याच खाडीतली दहा वर्षांची मोजणी छापणं सक्तीचं करा. एवढं तरी मान्य?

मुलुंडकर: सक्ती मान्य. पण नुसती खाडीची मोजणी फसवेल. रोहितांची वीण कच्छच्या रणात होते. तिथे पाऊस कमी झाला तर इथला आकडा खाली येईल आणि खाडी बिघडली असं आपण म्हणू. उलटंही होईल: तिथे चांगलं वर्ष गेलं की इथली खराबी झाकली जाईल. कच्छचे आकडे सोबत नसतील तर मी त्या अहवालावर विश्वास ठेवणार नाही.