मदत हवी आहे: बाबांसोबतचं जॉइंट खातं आणि एफबार

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर. सांगलीत बाबांच्या बचत खात्याला आणि एफडीला दुसरं नाव माझं आहे. पैसे सगळे त्यांचेच. तरी परदेशातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली की एफबार (अमेरिकेबाहेरच्या खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म) भरायचा, आणि जॉइंट खातं असलं तरी पूर्ण शिल्लक धरायची, इथवर कळलं. तो टॅक्स रिटर्नसोबत जात नाही, फिनसेनच्या (अमेरिकी अर्थखात्याचा विभाग) साइटवर वेगळा भरायचा; मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. हे सोपं आहे.

अडलंय व्याजापाशी. टीडीएस बाबांच्या पॅनवर कापला जातो, मग ते व्याज माझ्या १०४० मध्ये (अमेरिकी टॅक्स रिटर्नमध्ये) येतं का? पैसे त्यांचेच आहेत हे दाखवायला तुम्ही कोणते कागद जपून ठेवलेत?

दुसरं, भारतातल्या म्युच्युअल फंडांतली माझी जुनी एसआयपी. तिला फॉर्म ८६२१ (परदेशी फंडांसाठीचा अमेरिकी टॅक्स फॉर्म) लागतो आणि इथले सीपीए (अमेरिकेतले सीए) दर फंडामागे वेगळी फी मागतात (फंडापेक्षा फीच जास्त व्हायची!). नवरा-बायकोच्या जॉइंट रिटर्नला वर्षअखेर अशा फंडांची एकूण किंमत ५०,००० डॉलरच्या आत असेल तर या फॉर्ममधून सूट आहे, पण यंदा काही युनिट नफ्यात विकलेत. मग सूट गेलीच ना? स्वतः फॉर्म भरलेलं कोणी आहे का?