सालमनसारखं खाद्य तोडलं तर चिलापीचे नर लवकर वयात यायचे थांबतील का?

आटपाडीचा_डाळिंबवाला
नमस्कार मंडळी. आमचं आटपाडी तालुक्यात तीस बाय तीस मीटरचं प्लास्टिक कागदाचं शेततळं आहे, डाळिंबासाठी केलेलं. जानेवारीत त्यात चिलापीची (तिलापिया मासा) तीन हजार बोटुकली सोडली, बीजवाला म्हणाला सगळे नरच आहेत, बिनघोर राहा. मार्चपर्यंत वाढ झकास होती आणि मग जे अडकलंय ते अडकलंयच, आज मे उजाडला तरी जाळ्यात येतंय ते ऐंशी-शंभर ग्रॅमच्या पुढं जाईना. बागेला पाणी उपसल्यावर तळं उतरलं तर कडेच्या गाळात ताटाएवढे गोल गोल खड्डे दिसले. काल एक मासा हातात धरला तर त्याच्या तोंडातनं बारकी पिल्लं बाहेर पडली, डोळे तेवढे दिसत होते, माझ्या बोटांतनं वळवळत पाण्यात गेली बघा. काहींचं पोट दाबलं की पांढरं दूध, म्हणजे नराचं वीर्य, येतंय.
परवा वाचलं की अमेरिकेत सालमनच्या हॅचरीत (बीज तयार करतात तिथं) नर लवकर वयात येऊ नयेत म्हणून खाद्य मोजून देतात, वाढ मुद्दाम हळू ठेवतात. मग मी पण खाद्य निम्म्यावर आणू का? पोत्याचे भाव माहितीच आहेत सगळ्यांना. कोणीतरी नीट सांगा, पाच महिने राबलोय यावर.

कृष्णाकाठ_मिरज
दादा निम्मं अजिबात करू नका, आहे ती वाढ पण जाईल. ज्याच्या तोंडातनं पिल्लं निघाली ती मादी होती, म्हणजे "सगळे नर" ही बात खोटी. आणि गाळातले खड्डे नरांनी केलेत, तिथंच मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं सुटेपर्यंत ती धड खात नाही, त्यामुळं तिची वाढ थांबते, आणि उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यानं परत तेच. वर ती पिल्लं तुमचंच खाद्य खातात.
आपल्याला रोहू-कटलाची सवय, म्हणून हे लक्षात येत नाही. ते मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं तेव्हा कुठं हॅचरीचं बीज मिळायला लागलं, आपण १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन करतो तो त्याचाच. चिलापीला असलं काही लागत नाही, दोन-तीन महिन्यांत वयात येते, कागदाच्या तळ्यात सुद्धा.
आणि एक, मत्स्य विभागाची परवानगी घेतलीय ना? चिलापीला लागते.

कराडकर_सध्या_वॉशिंग्टन
मी मूळचा कराडचा, सात वर्षं झाली इकडं वॉशिंग्टन राज्यात सालमनच्या हॅचरीत काम करतोय, म्हणून राहवलं नाही. तुम्ही वाचलंय ते खरं आहे पण तो आजार वेगळा आहे.
इथं याकिमा नदीवर चिनूक सालमनची हॅचरी आहे. चिनूक साधारण चार-पाच वर्षांचा होऊन समुद्रातून परत येतो, तेव्हा अंडी-दूध. पण हॅचरीतले बरेच नर दोन वर्षांतच वयात येतात, समुद्रात जातच नाहीत, त्यांना मिनीजॅक म्हणतात. २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात तिथल्या शंभर नरांमागं ३७ ते ४९ मिनीजॅक होतील असा अंदाज निघाला. म्हणजे जवळजवळ निम्मे नर कामातून गेले, आणि वर ते नदीत राहून जंगली माशांशी जागेसाठी, अन्नासाठी भांडणार. मी पहिल्यांदा असा मासा चिरलेला बघितला, हाताच्या पंजापेक्षा थोडा लांब, आणि पोटात वृषणाच्या दोन पांढऱ्या भरल्या पट्ट्या, आतडं बाजूला सारून बसलेल्या. विश्वास बसेना.
कारण काय, तर भरपूर खाद्य, जास्त चरबी, पाणी नदीपेक्षा गरम. दूध यायच्या जवळपास वर्षभर आधी माशाचं शरीर जणू हिशोब करतं की अंगात साठा पुरेसा आहे का, आणि असला तर ती गाडी सुरू होते. मग ती सहसा थांबत नाही. रक्तात ११-कीटोटेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, बाहेरून काही दिसायच्या आधी त्यावरून ओळखतात. म्हणून त्या ठराविक काळात खाद्य मोजकं, चरबी कमी, पाणी थंड. पण वर्षभर उपाशी ठेवलं तर पिल्लू बारकं राहतं आणि समुद्रात टिकत नाही, म्हणजे तिकडून पण नुकसान. कधी तोडायचं आणि कधी द्यायचं यातच सगळं कसब आहे, आणि मला विचाराल तर नुसतं वजन वाढवायच्या नादात ह्या हॅचऱ्यांनी बरीच वर्षं घालवली.
नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यात अजून एक करतात, हिवाळ्यात चोवीस तास दिवे लावून ठेवतात, त्यानं माशाचं ऋतूचं गणित बदलतं.
आता तुमचं. सालमन सुखात लवकर वयात येतो, चिलापी हालात. गर्दी झाली, खाद्य कमी पडलं की चिलापी तीस-चाळीस ग्रॅमलाच अंडी घालायला लागते. म्हणजे तुम्ही खाद्य निम्मं केलं तर जे टाळायचंय तेच जोरात होईल.

वाळव्याचा_मरळवाला
वरच्या भावांनी बरोबर सांगितलंय. आता करायचं काय ते सांगतो, मी ह्यातनं गेलोय. जाळं ओढून मासे हातानं निवडा, ऐंशी-शंभर ग्रॅमला ओळखता येतं. मासा उलटा धरा, गुदद्वाराच्या मागं छोटा उंचवटा असतो, नराला तिथं एक भोक, मादीला दोन, एक अंड्याचं आडवं चिरल्यासारखं. दिसत नसलं तर निळं औषध, मेथिलीन ब्लू, कापसानं लावा, चीर उठून दिसते. माद्या विकून टाका, लहान असल्या तरी. उरलेली पिल्लं खायला थोडी मरळ सोडा, पण चिलापीपेक्षा लहान मापाची, नाहीतर मोठे मासेच खाईल.
पुढच्या वेळी बीज घेताना विचारा की सगळी पिल्लं नर व्हावीत म्हणून देतात ते हार्मोनचं खाद्य किती दिवस दिलं. पहिले तीन-चार आठवडे द्यावं लागतं, मधेच बंद केलं की माद्या राहतात. तुमच्या बीजवाल्यानं तेच केलं असणार.

आटपाडीचा_डाळिंबवाला
परवानगी आहे, कागद घरात आहे. खाद्य कमी करत नाही, ठरलं.
आज सकाळी ऊन चढायच्या आत मी आणि धाकट्या भावानं जाळं ओढलं, आई मेथिलीन ब्लूची वाटी धरून कडेला बसली होती. चीर खरंच दिसते, पहिल्या दोन-तीन माशांनंतर नजर बसली. पहिले वीस तपासले त्यात अकरा माद्या निघाल्या. सगळ्यांची बोटं निळी झालीत. बाकीचे रविवारी, तोवर दोन टोपल्या माद्या आटपाडीच्या बाजारात पाठवल्यात. मरळचं बीज वाळव्याकडं कुठल्या मापाचं मिळतं ते तेवढं सांगा भाऊ.